गाडी जागेवर, स्टेपनी गायब!

अख्खी रिक्षा चोरीला गेली की वस्ती जागी होते. चार पोरे दोन दिशांना धावतात, कोणी चौकीवर जाते, कोणी मालकाला फोन लावते. पण पहाटे रिक्षा काढायला जावे आणि बॅटरीच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबताना दिसाव्यात, तेव्हा कोणी धावत नाही. "बॅटरीच गेली ना, गाडी तर आहे," असे म्हणून शेजारी कामाला निघून जातो. इकडे त्या माणसाचा दिवस बुडालेला असतो. रिक्षा भाड्याने चालवणाऱ्याला मालकाचे भाडे चुकत नाही, आणि बॅटरीही बहुधा त्याच्याच खिशातून भरावी लागते.

वाचकहो, आपल्या समाजातले असंख्य लोक चाकावर पोट भरतात. कोणी रिक्षा चालवतो, कोणी छोटा टेम्पो, कोणी सायकलवर पाव, पेपर, डबे पोचवतो. कोणी सोसायटीत वॉचमन आहे, कोणी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. गाडीला जोडलेली वस्तू चोरीला जाण्याचा या सर्वांशी संबंध आहे. म्हणून या आठवड्याच्या कुटुंब पानावर स्टेपनी, बॅटरी, कॅरिअर अशा 'किरकोळ' मालाविषयी लिहायचे ठरवले.

चोर असा माल का उचलतो? एक तर तो साध्या पान्याने निघतो. बारा-तेराचा पाना कोणाकडेही असतो. दुसरे म्हणजे त्याच्यावर नाव नसते, त्यामुळे कोणताही प्रश्न न विचारता तो विकला जातो. या दोन गोष्टी बदलल्या तर चोर पुढच्या गाडीकडे वळतो. कोणतेही कुलूप अभेद्य नसते. चोराला दोन मिनिटांचे काम पंधरा मिनिटांचे करून ठेवणे एवढेच आपल्या हातात आहे.

नट, छर्रा आणि साखळी

सायकलपासून सुरुवात करू. मागच्या चाकाला बसवलेले रिंगचे कुलूप म्हणजे सायकल चालवून न नेण्याची सोय. उचलून टेम्पोत टाकण्याला ते अडवत नाही. म्हणून जाड साखळी हवी, आणि ती मागचे चाक व फ्रेम या दोन्हींतून काढून जमिनीत पक्क्या बसलेल्या खांबाला किंवा जाळीला अडकवावी. नुसत्या पुढच्या चाकाला साखळी लावली तर चाक खांबाला राहते व बाकीची सायकल जाते. खांब वरून मोकळा आणि आखूड असेल तर तो खांब नाहीच असे समजा, कारण सायकल वरून उचलून काढता येते. कुलूप जमिनीला टेकू देऊ नये. जमिनीवर टेकलेल्या कुलपावर हातोडीचा घाव पुरा बसतो, लोंबत्या कुलपावर बसत नाही. प्लॅस्टिकच्या नळीतली तारेची कुलपे दिसायला छान असतात, पण साध्या कटरने कापली जातात. त्यांच्यावर मुलीची शाळेची सायकल सोपवू नये.

आता कॅरिअर. डबे पोचवणाऱ्याचा कॅरिअर गेला तर सायकल असून नसल्यासारखी. कॅरिअर आणि स्टँड एकदा बसवले की वर्षानुवर्षे काढावे लागत नाहीत, म्हणून त्यांचे बोल्ट कायमचे पक्के करायला हरकत नाही. नट आवळल्यावर बाहेर उरलेले बोल्टचे टोक हातोडीने ठेचून पसरवावे, म्हणजे नट फिरून बाहेर येत नाही. हे जमत नसेल तर एका नटावर दुसरा नट घट्ट आवळावा. नव्या गिअरच्या सायकलींना षटकोनी भोकाचे बोल्ट असतात. त्या भोकात मापाचा सायकलचा छर्रा बसवावा आणि वरून एम-सील मळून लिंपावे. चोराची अ‍ॅलन-की आत जातच नाही. आपल्याला काढायचे असेल तेव्हा एम-सील कोरून छर्रा टोचून काढता येतो. दहा-वीस रुपयांचे काम आहे. चाकाच्या नटांना मात्र हा प्रयोग करू नये, पंक्चर झाल्यावर आपणच अडकू. ज्या सायकलीचे चाक किंवा सीट नुसत्या खटक्याने निघते, तिथे खटका काढून साधा नट-बोल्ट बसवून घ्यावा.

रिक्षाच्या बॅटरीवर आडवी लोखंडी पट्टी टाकून तिला कुलूप घालण्याची सोय कोणताही वेल्डिंगवाला करून देतो. दोन गोष्टी त्याला बजावून सांगा. पट्टीला खालून रबर लावायचे, आणि पट्टी बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकता कामा नये, नाही तर ठिणगी उडेल. वेल्डिंग करण्याआधी बॅटरी उतरवून दूर ठेवायची. हे ऐकायला साधे वाटते, पण घाईत नेमके हेच राहून जाते.

मालवाहू टेम्पोची स्टेपनी पुष्कळदा खाली, चासीला लटकलेली असते. अंधारात गाडीखाली शिरलेला माणूस रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. तिच्या रिममधून साखळी काढून चासीच्या भक्कम भागाला कुलूप घालावे, आणि रात्री गाडी अशी लावावी की स्टेपनीची बाजू भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीकडे येईल. ज्यांनी जुनी बजाज चेतक वापरली आहे त्यांना आठवत असेल, मागे लटकलेल्या स्टेपनीला कुलूप घालणे हा रोजचाच परिपाठ असे. स्कूटर बदलल्या, स्टेपनी गेली आणि ती सवयही गेली. स्टेपनीची साखळी वेल्ड करून टाकू नका. भर पावसात हायवेवर चाक बदलायची वेळ येते तेव्हा हे आठवेल.

मालावर नाव

प्रत्येक सायकलच्या फ्रेमवर कंपनीने ठोकलेला नंबर असतो. बहुधा तो पायडलच्या मधल्या बेरिंगखाली किंवा सीटच्या नळीवर सापडतो. आज संध्याकाळी सायकल उलटी करा, चिंधीने पुसा, नंबर वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. बिल ज्या पिशवीत जातीचा दाखला आणि रेशनकार्ड असते, त्याच पिशवीत ठेवा. आपल्या घरांत ती पिशवी बहुधा आईच्या ताब्यात असते, त्यामुळे ती हरवत नाही.

स्टेपनीच्या रिमवर गाडीचा नंबर ऑईलपेंटने दोन ठिकाणी टाकावा, एक बाहेरून आणि एक आतल्या बाजूला. चोर बाहेरचा खरडतो, आतला त्याच्या लक्षात येत नाही. बॅटरीवरही रंगानेच लिहावे. तापलेल्या सळईने कोरू नये, आत आम्ल असते. लोखंडी कॅरिअरच्या पट्टीवर नंबर ठोकण्याचे पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. एक संच साऱ्या वस्तीला पुरतो. विहाराच्या तरुण मंडळाने एका रविवारी वंदनेनंतर दोन तास बसून सगळ्यांच्या गाड्यांचे हे काम उरकले तर खर्च फारसा येणार नाही, आणि कोणाची बॅटरी कोणती याची वहीही तयार होईल. सायकलच्या पातळ नळीवर मात्र पंच मारू नये, नळी चेपते.

पाच हजारांची रेघ

आता कायद्याचे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे कलम ३७९ होते, ते आता ३०३ झाले. त्यात एक नवी गोष्ट आली आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. यामागची बुद्धी वाईट नाही. पोटासाठी पहिली चूक केलेल्या पोराला तुरुंगात घालून पक्का गुन्हेगार करण्यापेक्षा हे बरे. पण याच्या जोडीला एक बाब आली. पाच हजारांखालची अशी चोरी अदखलपात्र ठरवली गेली. म्हणजे पोलीस वहीत नोंद करून एन.सी.ची पावती देतात, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही.

पाच हजार रुपये ही रक्कम कोणासाठी किरकोळ आहे? ज्याची सायकल चार हजारांची आहे आणि तीच त्याचे दुकान आहे, त्याच्यासाठी नाही. श्रीमंताची सायकल गेली तर तपास आणि गरिबाची गेली तर पावती, असा याचा प्रत्यक्ष अर्थ होतो. ही रेघ बदलावी अशी मागणी करायला हवी. ती बदलेपर्यंत आहे तो कायदा नीट वापरता आला पाहिजे.

म्हणून बिल महत्त्वाचे. जुन्या सायकलची किंमत बिलाइतकी धरली जाणार नाही हे खरे, पण बिल नसेल तर समोरचा अंदाजाने लिहील आणि तो अंदाज कमीच असेल. सायकलसोबत कॅरिअर, कुलूप, डबे गेले असतील तर तेही किमतीत धरायला सांगा.

रिक्षा-टेम्पोवाल्यांसाठी मात्र वेगळे कलम आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये, प्रवासी किंवा माल वाहून नेणारे वाहन चोरणे आणि अशा वाहनातून कोणतीही वस्तू चोरणे, हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, आणि त्याला पाच हजारांची रेघ नाही. रिक्षाची बॅटरी किंवा टेम्पोची स्टेपनी गेली तर तक्रारीत 'प्रवासी वाहनातून' किंवा 'मालवाहू वाहनातून चोरी' असे शब्द स्पष्ट घाला, आणि कलम ३०५ लागू होते असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. 'हरवली' हा शब्द लिहू नका. हरवणे वेगळे, चोरी वेगळी.

दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीच्या पोलीस ठाण्यात देता येते, आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. नोंद घेतलीच नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, टपालाने पाठवावा. तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. उशीर मात्र करू नये. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. माल सापडला तर तो न्यायालयाकडे अर्ज करून ताब्यात घ्यावा लागतो. तिथे पुन्हा तोच नंबर आणि तेच बिल उपयोगी पडते.

विम्यावर भिस्त ठेवू नये. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी रिक्षा-टेम्पोच्या आणि दुचाकीच्या पॉलिसीत बहुधा अशी अट असते की, गाडी चोरीला गेली नसेल तर तिच्यावरच्या जोडवस्तूच्या चोरीची भरपाई नाही.

घेणारा आहे म्हणून

जुन्या बाजारातून निम्म्या किमतीत बॅटरी मिळाली म्हणून आनंद होतो. ती कोणाच्या तरी रिक्षातून निघालेली असू शकते, कदाचित पलीकडच्या गल्लीतल्या. आपण विहारात बसून पंचशील ग्रहण करतो. न दिलेले न घेण्याचे दुसरे शील फक्त चोरासाठी नाही. आणि कायदाही तेच म्हणतो. चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे वाटायला पुरेसे कारण असताना माल घेणे हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जुने घ्यायला हरकत नाही, आपली सगळ्यांची घरे जुन्या वस्तूंवरच उभी राहिली. पण विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सही आणि नंबर लिहिलेली पावती घ्या. वस्तीतल्या पोराला नाक्यावर अडवून "ही सायकल कोणाची?" असे विचारले जाते तेव्हा पावती खिशात असणे आणि नसणे यात फार अंतर पडते.

साहेबांच्या गाडीचा स्टँड

मुंबई-पुण्यात आता मोटारींच्या मागे सायकली टांगण्याचे स्टँड दिसतात. रविवारी साहेब डोंगराकडे सायकल चालवायला जातात, सोमवारपासून स्टँड तसाच गाडीवर राहतो. पट्ट्यांनी बांधलेला स्टँड एका मिनिटात सुटतो. तो चोरीला गेला की पहिला प्रश्न वॉचमनला आणि ड्रायव्हरला विचारला जातो, आणि त्यात आपली माणसे असतात. म्हणून ड्रायव्हर बांधवांनी काम संपताच स्टँड उतरवून डिकीत किंवा घरात ठेवण्याची परवानगी मागून घ्यावी. कायम बसवलेला असेल तर चावीचे नट आणि कुलपाची पिन बसवून घ्यायला सुचवावे. गाडी सोडताना तिच्यावर काय काय आहे याचा फोटो काढून साहेबांना पाठवावा. वॉचमनने पाळी बदलताना रजिस्टरमध्ये तसे लिहून दुसऱ्या पाळीवाल्याची सही घ्यावी.

एजन्सीमार्फत कामाला असलेल्या वॉचमनच्या पगारातून नुकसान परस्पर कापता येत नाही. माल त्याच्या ताब्यात सोपवलेला असावा लागतो, नुकसान त्याच्या हयगयीने झालेले असावे लागते, आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नये.

प्रकरण कोर्टापर्यंत गेले तर वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, स्त्रियांनाही मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. जाताना जातीच्या दाखल्याची प्रत, तक्रारीची प्रत आणि बिल न्यावे.