या नाताळात एक पिशवी मुनिरकातून

डिसेंबर लागला की मोबाइलवर सवलतींचे मेसेज धडाधड येऊ लागतात. केक, स्वेटर, मेणबत्त्या, नव्या वर्षाच्या भेटवस्तू... बसल्या जागी बोट फिरवलं की सामान दारात हजर. पण तुम्ही दक्षिण दिल्लीत राहत असाल, तुमची मुलगी जेएनयूत शिकत असेल किंवा सुट्टीत सहकुटुंब दिल्लीला जाणार असाल, तर या वेळी एक संध्याकाळ मोबाइल खिशात ठेवा आणि मुनिरकाच्या गल्ल्यांतून पायी फेरफटका मारा.

मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावरच्या मुनिरका स्टेशनपासून जुनं मुनिरका गाव जवळच आहे. एकेकाळी हे शेती करणाऱ्यांचं गाव होतं. आज इथे चार-पाच मजली इमारती एकमेकींना टेकून उभ्या आहेत, डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं आहे आणि काही गल्ल्यांतून जेमतेम एक दुचाकी जाते. भाडं त्यातल्या त्यात परवडणारं, शेजारी विद्यापीठ, त्यामुळे मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल, मेघालय इथून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेली शेकडो मुलंमुली इथे खोल्या घेऊन राहतात. त्यांच्यातल्याच काहींनी इथे छोटे व्यवसाय थाटले आहेत. कुणाचं किराणा दुकान, कुणाची खानावळ, कुणाचं सलून, कुणाचं कपड्यांचं दुकान.

नाताळ हा नागालँड, मिझोराम आणि मेघालयातल्या बहुसंख्य कुटुंबांचा वर्षातला सर्वात मोठा सण. आपल्याकडे दिवाळीचं जे स्थान, तेच त्यांच्याकडे नाताळाचं. आपण मात्र हा सण मॉलमधल्या झाडापुढे सेल्फी काढून साजरा करतो आणि ज्यांच्या घरचा हा सण आहे, त्यांच्या दुकानाची पायरीही चढत नाही.

दूर अमेरिकेत काय घडलं?

सणाच्या काळात ठरवून काही दुकानांतच खरेदी करायची, ही कल्पना अमेरिकेतल्या काळ्या समाजात चांगली रुजली आहे. १९६६ मध्ये तिथे क्वान्झा हा सण सुरू झाला. तो २६ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत चालतो आणि प्रत्येक दिवस एका मूल्याला वाहिलेला असतो. चौथा दिवस ‘उजामा’चा. उजामा म्हणजे आपली दुकानं, आपले उद्योग एकत्र मिळून उभे करायचे आणि त्यांच्या नफ्याचा लाभ सगळ्यांनी घ्यायचा.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर या विचाराला पुन्हा जोर आला. गूगलच्या नकाशावर आपला व्यवसाय काळ्या मालकीचा असल्याचं दाखवण्याची सोय अमेरिकेतल्या दुकानदारांना मिळाली. ऑरोरा जेम्स या उद्योजिकेने मोठ्या दुकानांपुढे साधी मागणी ठेवली. देशात काळ्या लोकांचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, तर तुमच्या फडताळातली १५ टक्के जागाही त्यांच्या मालाला द्या.

आपल्याला हे सगळं दूरचं वाटतं. पण चेहऱ्यावरून माणसाची पारख करणं, त्याला घर नाकारणं आणि त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवणं हे आपल्याला खरंच अनोळखी आहे का?

आपल्या घरातली गोष्ट

१९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला आणि तोही जात कळल्यावर सोडावा लागला. पुढे मुंबईत त्यांनी गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि व्यवसाय बंद पडला. ज्ञान तेच होतं, सल्लाही तोच होता. बदलली होती ती फक्त गिऱ्हाइकाची नजर.

ईशान्येकडच्या मुलांना दिल्लीत याच नजरेचा सामना करावा लागला आहे. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा निडो तानिया हा तरुण लाजपतनगरच्या बाजारात गेला होता. त्याच्या केसांवरून टिंगल झाली, वाद पेटला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली आणि दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या नागरिकांसाठी खास पथक सुरू केलं. तरीही मार्च २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा रस्त्यात याच मुलांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. शेवटी केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून बजावावं लागलं.

हे फक्त दिल्लीचं दुखणं आहे, असं समजू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा पसरल्या आणि बंगळुरूबरोबरच आपल्या पुण्यातूनही ईशान्येकडच्या लोकांनी घाबरून रेल्वे स्टेशन गाठलं. काम सोडून, खोली सोडून, मिळेल त्या गाडीने ते घरी निघाले. शेजारी म्हणून आपण त्यांना किती ओळखत होतो, याचं उत्तर त्या गर्दीत होतं.

वासाचं काय करायचं?

दिल्लीतल्या मराठी गृहिणीला एक अनुभव नवा नसेल. गावाहून आलेले सुके बोंबील तव्यावर टाकले की जिन्यात कुणीतरी नाक मुरडतं. खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून आपण ते कालवण उरकतो.

नागा घरात ही गोष्ट ‘अखुनी’ची. सोयाबीन उकडून आंबवलेला हा पदार्थ म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचा जीव. वास उग्र, चव मात्र खमंग आणि खोल. २००७ मध्ये ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या दिल्ली पोलिसांच्या एका पुस्तिकेत बांबूचे कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होईल असे शिजवू नयेत, असा सल्ला होता. त्यावर बरीच टीका झाली. २०१९ मध्ये निकोलस खारकोंगर यांनी ‘अखुनी’ हा अख्खा चित्रपटच या वासाभोवती रचला. दिल्लीत भाड्याने राहणारे मित्र मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घालून डुकराचं मांस शिजवायला निघतात आणि दिवसभर जागा शोधत फिरतात. हसवता हसवता हा चित्रपट पोटात कालवतो. सुट्टीत घरी सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे.

पिशवीत काय भराल?

काळा तांदूळ : मणिपूरचा ‘चाकहाओ’. याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रात्रभर भिजवून दुधात शिजवला की जांभळ्या रंगाची सुगंधी खीर होते. नाताळाच्या जेवणाला यापेक्षा देखणं गोड शोधून सापडणार नाही.

राजा मिरची : नागालँडची ही मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. तिच्या जवळच्या नात्यातली आसामची भूत जोलोकिया २००७ मध्ये जगातली सर्वात तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली होती. पहिल्यांदा आणाल तर लोणचंच आणा आणि ताटात थेंबभरच वाढा.

लाकाडोंग हळद : मेघालयच्या जैंतिया टेकड्यांतली, गडद रंगाची. सांगलीच्या हळदीवर वाढलेल्या सासूबाईंनाही भेट द्यायला हरकत नाही.

बांबूचे कोंब : कोकणात पावसाळ्यात कोवळ्या कोंबांची भाजी होते, त्यामुळे चव अगदीच परकी नाही. इथे ते आंबवलेलेही मिळतात.

शाली आणि विणकाम : नागालँडची चाखेसांग शाल, मिझोरामचं पुआनचेई यांनाही भौगोलिक मानांकन आहे. हातमागाचं काम असेल तर किंमत जास्त असणारच.

मुनिरकात सगळं एकाच दुकानात मिळेल असं नाही. मग मेट्रोने तीन स्टेशनं पुढे हौज खासला जा. तिथून यलो लाइनने ग्रीन पार्कला उतरलात तर हुमायूँपूर गाव जवळ आहे. ईशान्येकडच्या खानावळींसाठी आज ते दिल्लीभर प्रसिद्ध आहे. त्याच मार्गावर पुढे आयएनए स्टेशनला १९९४ पासून सुरू असलेलं दिल्ली हाट आहे. तिथे राज्याराज्यांचे खाद्यपदार्थ आणि हस्तकला एकत्र मिळतात.

हौज खासहून उलट्या दिशेला, मालवीयनगरजवळ खिडकी एक्स्टेंशन आहे. तिथे आफ्रिकी देशांतून आलेल्या लोकांची वस्ती आहे. त्यांच्या खानावळी आहेत, बारीक वेण्या घालून देणारी सलून आहेत. २०१६ मध्ये काँगोच्या एका तरुण शिक्षकाला मुनिरकापासून जवळच, वसंत कुंज भागात, रिक्षावरून झालेल्या वादात ठार मारण्यात आलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांसाठी आपल्याला हळहळ वाटते, मग आपल्याच शहरातल्या काळ्या शेजाऱ्याला एक साधा नमस्कार करायला काय हरकत आहे?

खरेदीला जाताना

मालक कोण, ते पाहा. मोमोची प्रत्येक गाडी ईशान्येकडच्या माणसाची असेलच असं नाही. आपले पैसे कुणाच्या गल्ल्यात जातात, ते गप्पांच्या ओघात सहज विचारता येतं.

लवकर जा. अनेक दुकानदार नाताळासाठी गावी जातात. रेल्वेने गुवाहाटी किंवा दिमापूर गाठायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून ते आठवडाभर आधीही निघतात. केक किंवा जेवणाची ऑर्डर असेल तर आधी सांगा आणि थोडी आगाऊ रक्कम द्या. छोट्या दुकानाला माल भरायला तीच उपयोगी पडते.

शक्यतो थेट ऑर्डर द्या. अॅपवरून मागवलं की कमिशन कापलं जातं. फोन करून, स्वतः जाऊन आणलं तर पूर्ण पैसे दुकानात राहतात.

घासाघीस जपून करा. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देतो, मग गल्लीतल्या विणकामावरच दोनशे रुपये कमी करा असं का म्हणायचं?

‘कुठून आलात, नेपाळ की चीन?’ असं विचारू नका. ‘तुमचं राज्य कोणतं?’ एवढं पुरे. निघण्याआधी मुलांबरोबर नकाशा उघडा आणि ईशान्येकडची आठही राज्यं शोधा. आपल्यालाही सगळ्या राजधान्या येत नाहीत, हे तेव्हा कळेल!

आवडलं तर नकाशावर दोन ओळी लिहा. फोटो काढायचा तर परवानगी घेऊन. नाही आवडलं तर मालकाला समोर सांगा.

हे दान नाही

काही वाचक विचारतील, चेहरा बघून दुकान निवडणं हादेखील भेदभावच नाही का? प्रश्न रास्त आहे. पण आपण नेहमीच्या दुकानात जातो, तेही ओळखीमुळेच. वर्षानुवर्षं काही दुकानं त्या ओळखीच्या बाहेर राहिली, त्यांना आत घ्यायचं, एवढंच. माल वाईट असेल तर घेऊ नका. दया म्हणून घेतलेली वस्तू एकदाच घेतली जाते, चांगली म्हणून घेतलेली पुन्हा पुन्हा.

ऑरोरा जेम्सचा हिशोब घरातही लावता येतो. डिसेंबरच्या खरेदीसाठी ५,००० रुपये बाजूला काढले असतील, तर त्यातले ७५० रुपये अशा दुकानांसाठी ठेवा. घराचं बजेट कोलमडणार नाही, पण दहा घरांनी हे केलं तर छोट्या दुकानाचे साडेसात हजार झाले.

दिल्लीत नसाल तर आपल्या गावात शोधा. पुण्यामुंबईतही ईशान्येकडच्या लोकांची सलून आणि खानावळी आहेत. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना आहे. बचत गटांची प्रदर्शनं भरतात.

आणि डिसेंबर संपला म्हणून ओळख संपवू नका. जानेवारीत सणाची गर्दी ओसरते, भाडं मात्र तेवढंच राहतं. संक्रांतीला तिळगूळ कराल, तेव्हा एक छोटी पुडी त्या दुकानातही नेऊन द्या. तिळगूळ म्हणजे काय ते त्यांना सांगा आणि काळ्या तांदळाच्या खिरीत दूध किती घालायचं, तेही विचारून या.