तिकिटावरचे सहा तास

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघालात? समजा, तिकिटावर लिहिलंय: मुंबईहून रात्री १ वाजता निघायचं, तिथे त्याच तारखेला सकाळी ७ ला पोहोचायचं. म्हणजे सहाच तास? छे हो! दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. उन्हाळ्यातला फरक मिळवला, की खरा प्रवास निघतो साडेपंधरा तासांचा. अंतरच मुळी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर! येताना मात्र उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो.

मैत्रिणींनो, हा हिशेब हवा तो औषधांसाठी. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन घेत असाल तर तिकीट हाती येताच ते डॉक्टरांना दाखवा आणि औषधांच्या वेळा लिहून घ्या. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवा. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून अधूनमधून उठून चाला, पाणी पीत राहा.

आणि घरी सांगून ठेवा, पोहोचल्याचा फोन सकाळी सातला नाही, आपल्या दुपारी साडेचारनंतर येईल. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको!