हिरवळीची तहान

एखाद्या क्षेत्रावर किंवा नव्याने बांधलेल्या मंगल कार्यालयात पाऊल टाकले की हल्ली प्रथम दृष्टीस पडते ती हिरवळ. एप्रिलच्या भर दुपारीसुद्धा तिच्यावर पाण्याचे फवारे फिरत असतात. पिण्याचे पाणी दुहेरी वस्त्रातून गाळून घेणारे आपण त्या फवाऱ्यांकडे मात्र कौतुकाने पाहतो. त्यागी निवासासमोरील हिरवळ तर मोठीच विसंगती आहे. ईर्यासमिती पाळणारे मुनिमहाराज हिरव्या गवतावर पाऊल ठेवत नाहीत. त्यांना फरसबंदीच्या कडेनेच जावे लागते.

या शोभेचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ ताजी राखायची तर दिवसाला सुमारे 5 मिलिमीटर पाणी लागते. जेमतेम पाव एकराच्या, म्हणजे हजार चौरस मीटरच्या हिरवळीला रोज 5,000 लिटर आणि शंभर दिवसांत 5 लाख लिटर! एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे एवढेच पाणी होते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण भूमी खणणे, पाणी वाया घालवणे आणि वनस्पती छेदणे यांचा समावेश होतो. उन्हाळ्यातील हिरवळीपायी ही तिन्ही कामे घडतात. याचा अर्थ अंगण उघडे ठेवावे असा नव्हे. गवत नसेल तर धूळ उडते आणि पहिल्याच वळवात माती वाहून जाते. गवत असावे, पण ते कोणते आणि त्याला किती पाजावे याचा विवेक हवा.

रोपवाटिकेत रुंद पानांचे ‘कार्पेट’ गवत सावलीसाठी दिले जाते. त्याची मुळे उथळ असतात, त्यामुळे पाण्यात खंड पडताच ते माना टाकते. मोकळ्या उन्हाच्या जागी आपली हरळी, अर्थात दूर्वा, याहून पुष्कळ सरस. सुधारित रूपात हीच ‘बर्म्युडा’ नावाने विकत मिळते, हे ऐकून आमच्याकडच्या शेतकऱ्यांना हसू येईल. कारण शेतातून हरळी काढता काढता त्यांच्या पिढ्या थकल्या. परंतु शेतात जो तिचा दोष, तोच अंगणात गुण ठरतो. तिचे खोड जमिनीखाली पसरते, पेरापेरांतून मुळे फुटतात आणि ती खोलवर जातात. पाणी तुटले की पाने वाळतात. खोड मात्र जिवंत राहून पावसाची वाट पाहते. पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते, निजलेली असते. आपल्या विश्वस्त मंडळींना हे पटवणे हेच खरे अवघड काम!

निजलेल्या हरळीला तीन आठवड्यांतून एकदा 10 ते 12 मिलिमीटर पाणी दिले तरी खोड तग धरते. हजार चौरस मीटरला हे दहा-बारा हजार लिटर झाले; रोजच्या हिशेबाने तेवढ्या अवधीत लाखाहून अधिक गेले असते. या काळात गवत वाढत नाही, म्हणून यंत्र फिरवून ते कापण्याची हिंसाही टळते. पाणी द्यायचे ते पहाटे, एकदाच आणि सावकाश, वीतभर खोल मुरेल असे. रोज वरवर शिंपडले की मुळे वरच राहतात आणि एका दिवसाच्या खाड्यानेही गवत करपते. उन्हाळ्यापूर्वी कापणी जरा उंच ठेवावी व नत्रखत टाळावे, कारण खताने कोवळी वाढ होते आणि तहानही वाढते.

मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की आठ-दहा दिवसांत हरळी आपोआप हिरवी होते. चातुर्मासाची स्थापना त्यानंतरच असते.