पोर्टफोलिओ? पंधरा फोटो पुरे!

वडूजमध्ये शिकता शिकता बारसं, साखरपुड्याच्या ऑर्डरी घ्यायच्यात? मग पहिला प्रश्न ठरलेला, ‘आधीचं काम दाखवा की!’ त्यासाठी महागडा सॅम्पल अल्बम कशाला?

पंधराच फोटो निवडा. मायणी तलावावरचे पक्षी कितीही भारी आले असले तरी बाजूला ठेवा. बारशाच्या गिऱ्हाइकाला बाळ, आजीचा चेहरा, कमी उजेडातला हॉल बघायचा असतो. काहीच काम केलं नाही? पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत माणसं टिपा, नात्यातलं एखादं डोहाळजेवण फुकट शूट करा.

व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसते पाठवले की क्वालिटी घसरते. गुगल अकाउंटला १५ जीबी जागा फुकट असते. ड्राइव्हवर एका कार्यक्रमाचा अख्खा फोल्डर ठेवून लिंक द्या. दोन-चार फोटो कुणाचेही चांगले येतात. पूर्ण कार्यक्रम सांभाळता येतो का, हे त्यातून कळतं. मोठ्यांसाठी ४ बाय ६ च्या पाच-सहा प्रिंट सोबत असू द्या. पैसे तेच देणार असतात!

आणि हो, ज्यांचे फोटो दाखवताय त्यांना आधी विचारा. गाव छोटं आहे; एक नाराज पाहुणा दहा ऑर्डरी घालवतो.