सेवाभिलेख-दुरुस्ती, सैनिकी पदकांची

सैनिकाने सेवाकाळात नियमानुसार संपादन केलेले पदक, बिल्ला किंवा मानचिन्ह त्याच्या अधिकृत सेवाभिलेखात नमूद झाले नसल्यास अथवा चुकीचे नमूद झाले असल्यास, पुराव्याच्या आधारे ती नोंद योग्य करून घेण्याची प्रशासकीय व अर्धन्यायिक कार्यपद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिला स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान लाभले असून तिचा विकासही तेथेच सर्वांत विस्ताराने झाला आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या देशातील पद्धतीचा विचार केला आहे.

पदक देणे आणि पदकाची नोंद दुरुस्त करणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीत पराक्रमाचे मूल्यमापन असते आणि तो अधिकार सेनाधिकाऱ्यांकडे किंवा राष्ट्राध्यक्षांकडे असतो. दुसरीत मूल्यमापन पूर्वीच झालेले असते. फक्त ते कागदावर उतरलेले नसते. सामान्य अर्जदाराला हा भेद सहसा ठाऊक नसतो. आपण केलेली कामगिरी पदकास पात्र होती, एवढेच तो सांगतो. ते पदक कोणत्या आदेशान्वये मिळाले, हा कार्यालयाचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. फेटाळल्या जाणाऱ्या पुष्कळशा अर्जांचे मूळ या गैरसमजात असते.

अमेरिकन भूसेनेत वैयक्तिक पदक प्रदान झाल्याचा मूळ पुरावा म्हणजे क्रमांक व दिनांक असलेला सर्वसाधारण आदेश. त्यावरून सैनिकाच्या वैयक्तिक धारिकेत नोंद होते व सेवा संपताना ती सेवामुक्तिपत्रावर उतरविली जाते. १ जानेवारी १९५० पासून या पत्रासाठी ‘डीडी २१४’ हा सर्व सेनादलांना समान असलेला नमुना वापरात आला. तत्पूर्वी प्रत्येक दलाचे नमुने वेगवेगळे होते. सैनिक घरी जाताना बरोबर नेतो तो हाच कागद आणि पुढील आयुष्यात त्याच्या सेवेबद्दल जगाला जे काही कळते ते याच कागदावरून. पदक प्रत्यक्ष हाती असले, तरी कागदावर नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. उलट पदक हरवले, पण नोंद शाबूत असली तर त्याची दुसरी प्रत मिळू शकते.

या नोंदीचे महत्त्व केवळ मानापुरते नाही. मे १९४५ मध्ये यूरोपातील युद्ध संपल्यावर कोणाला आधी घरी पाठवावयाचे, हे अमेरिकन भूसेनेने गुणपद्धतीने ठरविले. सेवेच्या प्रत्येक महिन्यास एक, परदेशातील प्रत्येक महिन्यास आणखी एक, प्रत्येक युद्धपदकास वा मोहीम-तारकेस पाच आणि तीन अपत्यांपर्यंत प्रत्येकी बारा असे गुण होते. सुटकेसाठी ८५ गुण लागत. एक पदक नोंदले न जाणे म्हणजे पाच गुणांची तूट, आणि पॅसिफिकमधील लढाई तेव्हा संपलेली नव्हती. पुढील काळात निवृत्त सैनिकांच्या वैद्यकीय सेवेतील अग्रक्रम, आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीतील दफनाचा हक्क, युद्धजन्य व्याधीबद्दलच्या भरपाईचा दावा या बाबींतही पर्पल हार्टसारख्या पदकाच्या नोंदीला वजन आहे. शत्रूशी प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्याचे सिद्ध झाल्यास इजेबद्दल सैनिकाचे स्वतःचे निवेदन ग्राह्य धरावे, अशी कायद्यात तरतूद आहे आणि लढाईतील सहभाग सिद्ध करण्याचा सोपा मार्ग म्हणजे सेवामुक्तिपत्रावरील पदक.

नोंदी राहून जाण्याची कारणे : यांत हेतुपूर्वक अन्यायापेक्षा घाई आणि कालविसंगती यांचाच भाग मोठा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्पावधीत लक्षावधी सैनिकांना सेवामुक्त करण्यात आले. सेवामुक्ति-केंद्रातील कारकुनासमोर जेवढे कागद असत, तेवढ्यांवरून तो पत्र टंकलिखित करी आणि घरी जाण्यास उतावीळ झालेला सैनिक न वाचताच त्यावर सही करी. रुग्णालयांतून हलविलेल्या जखमींची धारिका पुष्कळदा मागेच राही. पर्पल हार्टसाठी जखम शत्रूच्या कारवाईने झालेली असणे व तीवर वैद्यकीय उपचार झाल्याचा पुरावा असणे आवश्यक असते. आघाडीवरील शुश्रूषापथकाने मलमपट्टी करून सैनिकाला परत खंदकात पाठविले असेल, तर तसा कागद बहुधा निर्माणच होत नसे.

दुसरे कारण असे, की काही सन्मान सेवा संपल्यानंतर अस्तित्वात येतात. पलटणीला मिळणारे राष्ट्राध्यक्षीय प्रशस्तिपत्र लढाईनंतर दीर्घ काळाने जाहीर होई. तोवर पलटणीतील माणसे पांगलेली असत. १९४७ मध्ये भूसेनेने असे धोरण ठरविले, की महायुद्धात लढाऊ पायदळ बिल्ला किंवा लढाऊ वैद्यकीय बिल्ला मिळविणाऱ्या प्रत्येकास ब्राँझ स्टार हे पदक द्यावे. मात्र ते आपोआप मिळणारे नव्हते. अर्ज करावा लागे. शेतावर वा कारखान्यात परतलेल्या सैनिकाला हे कळण्याचे साधन नव्हते. अनेकांच्या बाबतीत नातवंडांनी जुने कागद चाळले तेव्हाच ही गोष्ट उघडकीस आली. युद्धकैदी पदक १९८५ च्या कायद्याने निर्माण झाले व ते ५ एप्रिल १९१७ नंतरच्या कैद्यांना पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आले. दक्षिण कोरियाने आपले युद्धसेवापदक अमेरिकन सैनिकांना १९५० नंतरच्या युद्धकाळातच देऊ केले होते. अमेरिकेने ते स्वीकारण्यास संमती दिली १९९९ मध्ये. अशा पदकांची नोंद मूळ सेवामुक्तिपत्रावर असणे शक्यच नव्हते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : नोंदीतील चूक सैनिकाला वंचितच ठेवते असे नाही, कधी ती अनर्ह व्यक्तींनाही सन्मान देऊन जाते. यादवी युद्धात, १८६३ च्या गेटिझबर्ग लढाईच्या सुमारास, मेन राज्याच्या २७ व्या पायदळ पलटणीची मुदत संपत आली होती. वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी जे मागे राहतील त्यांना मेडल ऑफ ऑनर देण्याचे आश्वासन युद्धमंत्र्यांनी दिले. सुमारे ३०० जण राहिले. परंतु त्यांची विश्वसनीय यादी न ठेवल्याने पलटणीतील सर्व ८६४ जणांच्या नावे पदके निघाली. जनरल नेल्सन माइल्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १९१७ मध्ये ९११ नावे सन्मानयादीतून वगळली, त्यांत ही सर्व ८६४ होती. जे खरोखर मागे राहिले होते, त्यांचाही सन्मान त्यांच्याबरोबर गेला. याच वेळी यादवी युद्धातील शल्यविशारद डॉ. मेरी वॉकर व ‘बफेलो बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेला विल्यम कोडी यांचीही नावे, ते सेनेचे सदस्य नसून मुलकी होते या कारणास्तव, काढून टाकण्यात आली. वॉकर यांचे पदक १९७७ मध्ये व कोडी यांचे १९८९ मध्ये पुनःस्थापित झाले. दोन्ही वेळा मार्ग एकच होता : भूसेनेचे अभिलेख-दुरुस्ती मंडळ.

हे मंडळ ज्या कायद्यातून जन्मास आले तो मूळात सैनिकांसाठी केलेला नव्हता. १९४६ पूर्वी सेवाभिलेखातील चूक सुधारण्यासाठी काँग्रेसमध्ये त्या एका व्यक्तीपुरते खाजगी विधेयक मांडावे लागे. ज्याची आपल्या मतदारसंघातील प्रतिनिधीपर्यंत पोच होती त्यालाच न्याय मिळे, शिवाय कायदेमंडळाचा वेळ खर्ची पडे. त्यातील दुसऱ्या अडचणीमुळेच १९४६ च्या विधिमंडळ पुनर्रचना अधिनियमाने अशा विधेयकांना बंदी केली आणि अभिलेखांतील ‘चूक सुधारणे किंवा अन्याय दूर करणे’ हा अधिकार सेनाविभागांच्या मंत्र्यांकडे सोपविला. मुलकी सदस्यांच्या मंडळामार्फत हा अधिकार वापरावयाचा, अशी त्यात अट होती. ‘अन्याय’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे; कारण नियमाप्रमाणे सर्व काही बिनचूक घडले असले, तरी परिणाम अन्यायकारक असल्यास मंडळाला हस्तक्षेप करता येतो.

कार्यपद्धती : सामान्य अनुल्लेखासाठी मंडळाकडे जाण्याची गरज नसते. सैनिक किंवा त्याचे निकटचे वारस सेंट लुइस (मिसूरी) येथील राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राकडे अर्ज करतात. धारिकेत आदेश सापडला, की ‘डीडी २१५’ हे शुद्धिपत्र काढून मूळ पत्राला जोडले जाते. मूळ पत्र सहसा बदलत नाहीत. पलटणीच्या सन्मानांबाबत भूसेनेने १९६१ मध्ये दुसरे महायुद्ध व कोरियन युद्ध यांची एक नोंदवही प्रसिद्ध केली असून तीत पलटणीच्या नावापुढे तिची प्रशस्तिपत्रे व मोहिमा दिल्या आहेत. सैनिक त्या तारखांना त्या पलटणीत होता एवढे दाखविले, की काम भागते.

आदेश न सापडल्यास किंवा अर्ज नाकारला गेल्यास ‘डीडी १४९’ या नमुन्यावर मंडळाकडे दाद मागता येते. भूसेना, नौसेना (मरीन दलासह) व हवाई दल यांची मंडळे स्वतंत्र आहेत. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मात्र न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ती माफ करते. सुनावणी बहुधा कागदोपत्रीच होते. प्रत्यक्ष साक्षीसाठी बोलाविणे विरळा. निर्णय अमान्य असल्यास संघीय न्यायालयात जाता येते. परंतु न्यायालय पदकाची पात्रता तपासत नाही, निर्णय मनमानी होता किंवा काय एवढेच पाहते.

मंडळाचे काम एका गृहीतकावर चालते : शासकीय कागद नियमितपणे व बरोबरच तयार झाला असावा. ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. सामान्य प्रशासनात हे गृहीतक वाजवी असले, तरी येथे त्याने एक विचित्र स्थिती निर्माण होते. ज्या संस्थेकडून नोंद राहून गेली तिच्याच कागदांनी ती चूक सिद्ध करावयाची असते. सहकाऱ्यांची शपथपत्रे, घरी लिहिलेली पत्रे, तत्कालीन वृत्तपत्रांतील बातम्या, छायाचित्रे ही साधने ग्राह्य असली, तरी तत्कालीन सेनाकागदांपुढे ती दुय्यम मानली जातात. आणि साक्ष देऊ शकणारे सहकारी तर वर्षागणिक कमी होत जातात.

सेंट लुइसची आग : या अडचणीत १९७३ च्या अग्निप्रलयाने भर घातली. १२ जुलैच्या मध्यरात्रीनंतर अभिलेख केंद्राच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आग लागली. इमारतीत आग विझविणारी स्वयंचलित जलफवारा-यंत्रणा नव्हती. सुमारे २२ तास आग आटोक्यात आली नाही. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख धारिका नष्ट झाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या सु. ८० टक्के, तर २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळातील हवाई सैनिकांच्या सु. ७५ टक्के धारिका त्यांत होत्या. हवाई दलाच्या धारिका वर्णानुक्रमाने लावलेल्या असल्याने ‘हबर्ड’ या आडनावापर्यंतच्या वाचल्या व पुढच्या गेल्या. माणसाच्या सेवेचा पुरावा त्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावर ठरला. धारिकांच्या दुसऱ्या प्रती वा सूक्ष्मपट काढलेले नव्हते आणि सूचीही नव्हती. पाण्याने भिजलेल्या सु. ६५ लाख धारिका निर्वात कोष्ठांत वाळवून वाचविण्यात आल्या. आगीचे कारण निश्चित होऊ शकले नाही.

तेव्हापासून केंद्र अशा सैनिकांची सेवा अन्य कागदांवरून पुन्हा जुळविते. अखेरच्या वेतनाची देयके, पलटणींचे प्रातःकालीन अहवाल, रुग्णालय-प्रवेशाच्या नोंदी, निवृत्त सैनिक विभागाकडील दावे हे त्यांतील प्रमुख होत. प्रातःकालीन अहवालात कोण हजर, कोण जखमी, कोणास कोठे हलविले हे रोजच्या रोज लिहिले जाई. मात्र शोध घेण्यासाठी पलटण, कंपनी व अंदाजे महिना अर्जदाराने सांगावा लागतो. वृद्ध सैनिकाच्या विधवेला किंवा मुलांना नेमके तेच ठाऊक नसते.

मुदतबाह्य शिफारशी व पुनर्विलोकन : शिफारसच वेळेत पोहोचली नसेल, तर प्रश्न नोंदीचा न राहता पदकदानाचा होतो. १९९६ च्या संरक्षण प्राधिकरण कायद्याने अशी शिफारस काँग्रेसच्या सदस्यामार्फत मुदतीनंतरही विचारार्थ पाठविण्याची सोय केली. १९४६ मध्ये बंद केलेले दार निराळ्या रूपाने किलकिले झाले, असे म्हणता येईल.

याहून गंभीर प्रश्न वर्णभेदाचा होता. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळाले नव्हते. भूसेनेने १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाकडे या बाबीचा अभ्यास सोपविला व १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते पदक देण्यात आले. त्यांपैकी व्हर्नन बेकर हे एकटेच हयात होते. याच धर्तीच्या पुनर्विलोकनानंतर जून २००० मध्ये २२ आशियाई वंशाच्या, तर मार्च २०१४ मध्ये आणखी २४ सैनिकांचा गौरव झाला.

हेन्री जॉन्सन यांचे उदाहरण या साऱ्या गुंतागुंतीचे द्योतक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सेनेच्या हाताखाली लढणाऱ्या ३६९ व्या पायदळ पलटणीतील या कृष्णवर्णीय सैनिकाने मे १९१८ मध्ये आर्गॉनच्या जंगलात रात्री आलेल्या जर्मन तुकडीशी हातघाईची झुंज देऊन आपल्या जखमी साथीदाराला वाचविले. त्यांना स्वतःला २१ जखमा झाल्या. फ्रान्सने त्यांना क्र्वा द गेर हे पदक दिले. स्वदेशाच्या सेवामुक्तिपत्रावर मात्र जखमांचा उल्लेख नव्हता. १९२९ मध्ये ते निवर्तले. त्यांचे दफन अज्ञात जागी झाल्याची समजूत दीर्घकाळ रूढ होती. वस्तुतः ते आर्लिंग्टन येथे झाले होते. तेथील नोंद ‘विल्यम हेन्री जॉन्सन’ या नावाने असल्याने ती कोणाच्या लक्षात आली नाही. १९९६ मध्ये त्यांना मरणोत्तर पर्पल हार्ट मिळाले, त्यानंतर काही वर्षांनी डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस आणि २ जून २०१५ रोजी मेडल ऑफ ऑनर. अखेरच्या टप्प्यात निर्णायक ठरला तो जनरल पर्शिंग यांचा, घटनेनंतर काही दिवसांतच लिहिलेला संदेश. हा कागद सरकारी संग्रहातच पडून होता.

इतर देश : ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या अभिलेखांपैकी सु. ६० टक्के सप्टेंबर १९४० मधील लंडनवरील बाँबहल्ल्यात जळाले. पदकांची सूचिपत्रे वेगळी ठेवलेली असल्याने वाचली. त्यामुळे तेथे कित्येकदा सैनिकाची सेवा अज्ञात, पण पदक ज्ञात अशी अमेरिकेच्या उलट स्थिती आढळते. भारतात शौर्यपदकांची घोषणा राजपत्रात होते, तर जवानांच्या सेवेतील घडामोडींची नोंद रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय ठेवते, उदा., मराठा लाइट इन्फंट्रीचे कार्यालय बेळगाव येथे आहे. सैनिकाजवळ राहते ती सेवामुक्ति-पुस्तिका. महाराष्ट्रात माजी सैनिकांच्या सवलतींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रथम तीच पाहिली जाते. तीतील चुकीबद्दल अर्ज अभिलेख कार्यालयाकडे करावयाचा असतो. निव्वळ अभिलेख-दुरुस्तीसाठी अमेरिकेसारखे वैधानिक मंडळ भारतात नाही. तथापि २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन होऊन २००९ पासून कार्य करणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे सेवाविषयक तक्रार नेता येते. त्याचे एक पीठ मुंबईत आहे.