घटक ४ : मुद्रित पुस्तक की ई-रीडर? – अभ्यासकाच्या निवडीचा विचार

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• ई-रीडर, मोबाइल आणि मुद्रित पुस्तक या वाचनमाध्यमांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठी ई-पुस्तकांच्या फाईलींचे प्रकार ओळखता येतील आणि त्यांच्या मर्यादा सांगता येतील.
• देवनागरी लेखनाच्या वैशिष्ट्यांचा पडद्यावरील शोधावर होणारा परिणाम समजेल.
• स्वतःच्या अभ्यासासाठी कोणते पुस्तक कोणत्या रूपात घ्यावे, हे कारणांसह ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्याला पुस्तकांवाचून गत्यंतर नाही. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ पैसा आणि वेळ दोन्ही मोजकेच असतात. म्हणूनच नागपुरातील संपर्कसत्रांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘ई-रीडर घेऊ की त्याच पैशांत पुस्तके घेऊ?’ या प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. ते तुम्ही काय वाचणार, कशासाठी वाचणार आणि ते वाचन मराठीत कोणत्या रूपात उपलब्ध आहे, यांवर अवलंबून असते. या तीन बाजूंचा विचार प्रस्तुत घटकात केला आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ माध्यमबदलाची मराठी परंपरा

वाचनाचे माध्यम बदलण्याचा प्रसंग मराठी समाजावर पहिल्यांदाच आलेला नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान. या पंथाचे ग्रंथ शतकानुशतके हाताने नकलून, पुष्कळदा सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत जपले गेले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले. त्या काळी छापलेल्या कागदाला सोवळ्यात स्पर्श करावा की नाही, शाईत चरबी असते का, अशा शंका सनातनी मंडळी घेत असत. पुढे छापील पोथी देवघरात गेली आणि शंका मागे पडली.

या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नव्या माध्यमाविषयीचा संशय कालांतराने ओसरतो, ही पहिली. माध्यम बदलताना सगळेच ग्रंथ एकदम पलीकडे जात नाहीत, ही दुसरी आणि अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. काही ग्रंथ लवकर जातात, काही उशिरा, तर काही मागेच राहतात. आजचा मराठी वाचक अशाच संक्रमणकाळात उभा आहे.

४.३.२ ई-रीडर म्हणजे काय?

मोबाइल किंवा टॅबलेटचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरचा पडदा ‘ई-इंक’ या तंत्रावर चालतो. त्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि कुपीत विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण असतात. विद्युतक्षेत्र बदलले की काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवण्यासाठी वीज लागत नाही. पान उलटतानाच ती खर्च होते. म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र अनेक दिवस चालते. अक्षर बाहेरच्या प्रकाशात दिसत असल्याने भर उन्हातही ते वाचता येते. रात्री वाचण्यासाठी बहुतेक यंत्रांत कडेने मंद दिवा दिलेला असतो. भामरागड किंवा मेळघाटात विजेचा भरवसा नसलेल्या विद्यार्थ्याला हा गुण मोलाचा वाटेल.

ॲमेझॉन कंपनीने ‘किंडल’ हा ई-रीडर २००७ साली अमेरिकेत आणला. तिच्या भारतीय दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तकांचे स्वतंत्र दालन २०१६ च्या डिसेंबरात सुरू झाले. मराठी ई-पुस्तकांची बाजारपेठ इंग्रजीच्या तुलनेत बरीच तरुण आहे, हे यावरून ध्यानात येईल.

४.३.३ मराठी फाईल : दिसते तशी नसते

‘पुस्तक नेटवर आहे’ एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे, हे पाहावे लागते. मराठी ई-पुस्तके साधारणतः तीन रूपांत आढळतात.

(अ) पानांची छायाचित्रे : जुन्या पुस्तकाची पाने स्कॅन करून पीडीएफ केलेली असते. यंत्राच्या दृष्टीने ते अक्षर नसून चित्र असते. त्यात शब्द शोधता येत नाही आणि अक्षर मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते.

(आ) जुन्या फाँटमधील पीडीएफ : युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी पुस्तके श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा फाँटमध्ये जुळवली जात. त्यांत मराठी अक्षरासाठी रोमन अक्षराचाच संकेतांक वापरलेला असे. पडद्यावर ‘मराठी’ दिसते. पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. शोधही चालत नाही.

(इ) युनिकोडमधील प्रवाही मजकूर : इपबसारख्या स्वरूपात मजकूर पडद्याच्या मापानुसार स्वतःला मांडून घेतो. अक्षर लहानमोठे करता येते, शब्द शोधता येतो, खूण ठेवता येते. ई-रीडरचा खरा उपयोग या तिसऱ्या प्रकारातच होतो.

पडद्याच्या मापाचा साधा हिशेब करून पाहा. सहा इंची ई-रीडरचा पडदा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद असतो. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान सुमारे १४ सेंटिमीटर आणि ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. ए-४ पानाची पीडीएफ अशा पडद्यावर पूर्ण रुंदीत दाखवली, तर अक्षर मूळच्या निम्म्याहूनही लहान होते. रोमन अक्षर इतके लहान झाले तरी कसेबसे वाचता येते. देवनागरीत वेलांट्या, रफार, उकार आणि जोडाक्षरे शिरोरेषेच्या वर-खाली पसरलेली असतात. ती प्रथम बुजतात. तेव्हा तुमचा अभ्यास मुख्यतः पीडीएफवर चालणार असेल, तर लहान ई-रीडर उपयोगाचा नाही.

४.३.४ शोध आणि शुद्धलेखन

ई-पुस्तकाचा सर्वांत मोठा लाभ म्हणून शब्दशोधाकडे बोट दाखवले जाते. भाषेच्या अभ्यासकाला तो खरोखरच मोठा आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. असे जाडजूड कोश घरी बाळगणे कितीजणांना शक्य आहे? मात्र मराठीत शोध घेताना दोन सावधगिरी बाळगाव्यात.

पहिली सावधगिरी संकेतांकांची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. हा अर्थभेद ‘ऱ्य’ मधील अर्ध्या र-वर अवलंबून आहे. संगणकात हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे वाटू शकतात. ‘ॲ’ आणि ‘ऍ’ हीदेखील यंत्राच्या दृष्टीने वेगळी अक्षरे आहेत. म्हणून शोधात शब्द सापडला नाही, एवढ्यावरून तो पुस्तकात नाही असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी सावधगिरी लेखननियमांची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘त्यानें’, ‘घरीं’, ‘मुलें’ असे अनुच्चारित अनुस्वार आढळतात. आजच्या लेखनाप्रमाणे शोध घेतला तर जुना मजकूर निसटू शकतो. दोन्ही लेखने टाकून शोधावे.

४.३.५ आकलन आणि स्मरण

कागदावर वाचलेले अधिक लक्षात राहते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्या अभ्यासांत मिळून १,७०,००० हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकुराचे आकलन पडद्यापेक्षा कागदावर सरस ठरले. वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. निव्वळ कथनात्मक मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही.

हा आढावा सर्व प्रकारच्या पडद्यांचा होता. खास किंडलवर ॲन मॅंगन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ५० वाचकांपैकी निम्म्यांनी एक दीर्घ रहस्यकथा छापील रूपात व निम्म्यांनी किंडलवर वाचली. बहुतेक कसोट्यांत दोन्ही गट बरोबरीत राहिले. घटनांचा क्रम लावण्यात आणि एखादी घटना कथेत कुठे आली हे सांगण्यात मात्र छापील वाचकांची सरशी झाली. हातातील पानांची जाडी वाचकाला ‘आपण कुठे आहोत’ हे नकळत सांगत असते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रयोग रोमन लिपीतील मजकुरावर झाला होता, त्यामुळे तो मराठीला जसाच्या तसा लागू करू नये. तरी समीक्षा, भाषाविज्ञान, व्याकरण हे विषय परीक्षेसाठी कागदावर वाचावेत, एवढा व्यवहार्य बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

४.३.६ मालकी, खर्च आणि उपलब्धता

छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत तुमची होते. ती मैत्रिणीला देता येते, सीताबर्डीवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येते, मुलांसाठी ठेवता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा वाचण्याचा परवाना मिळतो. २००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या होत्या. पैसे परत मिळाले. पुस्तक हातचे गेले.

खर्चाचा हिशेब असा मांडावा. समजा, यंत्राची किंमत १२,००० रुपये आहे आणि ई-पुस्तक छापील पुस्तकाहून सरासरी १०० रुपयांनी स्वस्त पडते. तर १२० पुस्तके विकत घेतल्यावर यंत्राची किंमत वसूल होईल. पदवीच्या तीन-चार वर्षांत तुम्ही इतकी पुस्तके विकत घेणार आहात का? नसाल, तर तेवढ्याच रकमेत गरजेची पुस्तके येतात आणि ग्रंथालयाची वर्गणीही निघते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली आहेत. आपल्या गावातील ग्रंथालय प्रथम पाहावे.

विनामूल्य वाचनाची बाजू मात्र ई-रूपाकडे झुकते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. राम गणेश गडकरी यांचे निधन नागपूरजवळील सावनेर येथे १९१९ साली झाले. त्यांचे साहित्य केव्हाच मुक्त झाले आहे. कवी ग्रेस यांचे निधन २०१२ साली झाले, त्यामुळे त्यांच्या कवितांवरील हक्क २०७२ अखेरपर्यंत राहील. अभ्यासक्रमात गडकरी असतील तर ई-प्रत शोधावी. ग्रेस असतील तर पुस्तक विकत घ्यावे किंवा ग्रंथालयातून आणावे. बेकायदा पीडीएफ वापरू नये. मराठी प्रकाशक लहान आहेत आणि एकेका प्रतीवर त्यांचा व्यवहार चालतो. मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने अधिकृत संकेतस्थळांवर मोफत आहेत, हेही विसरू नये.

४.३.७ संदर्भ आणि आवृत्ती

स्वाध्यायात अवतरण देताना पृष्ठक्रमांक लागतो. प्रवाही ई-पुस्तकात अक्षराचा आकार बदलला की पान बदलते. त्यामुळे पृष्ठक्रमांक स्थिर राहत नाही. प्राचीन साहित्यात आवृत्तीचा प्रश्न आणखी नाजूक होतो. ‘लीळाचरित्र’ घ्या. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांत पाठ आणि लीळांचा क्रम यांत फरक आहेत. नेटवरील निनावी प्रतीत संपादकाचे नावच नसेल, तर ती वाचनाला चालेल. संदर्भाला चालणार नाही. पाठनिश्चितीचा प्रश्न असेल तेथे संपादक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ नोंदवलेली आवृत्तीच, मग ती कागदावरील असो वा तिचे पूर्ण स्कॅन, हाताशी असावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य की अयोग्य ते सांगा.
१. ई-इंक पडद्यावर अक्षर टिकवण्यासाठी सतत वीज लागते.
२. पानांच्या छायाचित्रांच्या पीडीएफमध्ये शब्दशोध थेट चालतो.
३. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो.
(उत्तरे : १. अयोग्य, २. अयोग्य, ३. योग्य)

४.४ सारांश

निवड यंत्राची करण्याआधी वाचनाची करावी. नेमलेली पाठ्यपुस्तके, व्याकरण, समीक्षा आणि संपादित प्राचीन ग्रंथ छापील घ्यावेत किंवा ग्रंथालयातून आणावेत. कोश आणि विश्वकोश पडद्यावर पाहावेत. त्यासाठी हाती असलेला मोबाइल पुरेसा आहे. कथा, कादंबऱ्या, प्रवासवर्णने भरपूर वाचणाऱ्याने, नजर मंदावलेल्याने किंवा सतत फिरतीवर असणाऱ्याने ई-रीडरचा विचार करावा. मात्र आपल्याला हवी असलेली दहा मराठी पुस्तके युनिकोड रूपात मिळतात का, हे आधी तपासावे. दहांपैकी तीनच मिळाली, तर यंत्राची खरेदी वर्षभर पुढे ढकलावी. आठ मिळाली, तर निःशंकपणे घ्यावे.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. मराठी ई-पुस्तकांच्या फाईलींचे तीन प्रकार सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘देवनागरीतील शब्दशोधाच्या मर्यादा’ यावर टीप लिहा.
३. उपक्रम : तुमच्या चालू वर्षाच्या वाचनयादीतील दहा पुस्तके घ्या. प्रत्येकाची छापील किंमत, ग्रंथालयातील उपलब्धता, ई-रूपाचा प्रकार आणि स्वामित्वहक्काची स्थिती यांचा तक्ता करा. त्याच्या आधारे तुम्ही काय घ्याल, ते सुमारे २०० शब्दांत कारणांसह लिहा.