सालीच्या नक्षीमागचं झाड

उन्हाळ्यात पानगळीचं जंगल उघडं पडलं की झाडं ओळखायची कशी, असा प्रश्न नवख्यांना पडतो. उत्तर डोळ्यांसमोरच असतं. कॅमेरा खोडापासून वीतभर अंतरावर न्यावा आणि खोडाच्या दोन्ही कडा चौकटीबाहेर ठेवाव्यात. मग दिसते ती नुसती साल. फोटोतला तुकडा बोटभर आहे की हातभर, तेही कळत नाही. असे फोटो अमूर्त चित्रं म्हणून भिंतीवर शोभतात. पण ती नक्षी तशीच का उमटली हे समजलं, की ती दुप्पट आवडते.

ऐनाचं खोड घ्या. काळपट साल उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, थेट मगरीची पाठ! खोड आतून जाड होत जातं, पण बाहेरची साल मेलेल्या बुचाच्या पेशींची असते. या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचं मेणचट द्रव्य असतं. ते पाणी अडवतं. अशाच बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली पेशींना ‘सेल’ हे नाव दिलं. मेलेल्या पेशी वाढत नाहीत. त्यामुळे खोडाचा घेर वाढला की साल तडकते. ऐनाची तडकलेली साल झडून न जाता थरावर थर साठते आणि वणव्याच्या आचेपासून आतला जिवंत थर वाचवते.

कांडोळाची तऱ्हा उलटी. त्याच्या पांढुरक्या, गुळगुळीत खोडावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटत राहतात. पापुद्रा गळालेल्या जागी लेन्स रोखली तर हिरवट झाक दिसते. ते हरितद्रव्य. पानं नसतानाही तिथे थोडंफार अन्न तयार होतं. काही झाडांच्या सालीवर बारीक उंचवटे किंवा रेघा दिसतात, ती वल्करंध्रं. त्यांतून खोडाला हवा मिळते.

ऐनाचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावेत. भेगांत सावली भरते आणि खोली दिसते. कांडोळाला ढगाळ उजेड बरा, नाहीतर त्याचे फिके रंग उन्हात उडतात. कॅमेरा सालीला समांतर धरावा, कारण इतक्या जवळून फार थोडा भाग स्पष्ट येतो. पावसात जरूर जावं. भिजलं की सालीवरच्या दगडफुलाचा वरचा थर पारदर्शक होतो आणि आतल्या शैवालाचा हिरवा रंग उजळतो.

एक मात्र पाळा: फोटोसाठी पापुद्रे ओढू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. हा थर खोडाभोवती पूर्ण सोलला गेला तर झाड मरतं, आणि लहान जखमेतूनही बुरशी आत शिरते. डिंकासाठी कांडोळावर आधीच पुष्कळ घाव घातले जातात. त्यांत आपली भर नको.